परत यायचं ठरलंय, पण कुठल्या गावात?

प्रेषक: कोथरूड, पुणे (पूर्वीचे कोव्हेंट्रीकर)

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या या यादीवरच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

जुन्या मंडळींना कदाचित आठवत असेन. १९७९ ते २०१३ आम्ही कोव्हेंट्रीत होतो, मी मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये. आईवडिलांकडे बघायला म्हणून पुण्याला आलो. वडील २०१६ साली गेले, आई गेल्या वर्षी, शहाण्णव वर्षांची होऊन. ज्यासाठी आलो ते काम पार पडलं. मुलगी आणि दोन नातवंडं मेडनहेडला. मी ७२, सौ. ६८. दोघांचे पासपोर्ट ब्रिटिश, त्यामुळे यायला अडचण नाही. येऊन कुठे टेकायचं, एवढाच प्रश्न.

तीन गावं डोक्यात आहेत. कोव्हेंट्री, कारण तिथली गल्ली न् गल्ली पायाखालची. स्लाव, कारण मुलीपासून दहा मिनिटांवर, आणि आता तिथे मराठी मंडळी खूप झालीत असं ऐकतो. लेस्टर, कारण बेलग्रेव्ह रोडवर आपल्याकडचं सगळं मिळतं आणि घरं परवडतात. हाताशी तीन लाख पौंड आहेत. कोथरूडचा फ्लॅट तूर्त ठेवायचा विचार आहे. मागे छोटीशी बाग असलेला बंगलो मिळाला तर उत्तम. गाडी मी चालवतो, तेव्हा जरा आडबाजूला असलं तरी चालेल.

जे परत आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहावं ही विनंती.

---

प्रेषक: स्लाव

काका, नमस्कार.

या, नक्की या. इथे मराठी खरंच कानावर पडतं, शाळेच्या फाटकाशी, स्टेशनवर, दुकानात. एलिझाबेथ लाइन ही रेल्वे झाल्यापासून लंडनही हाकेच्या अंतरावर आलंय. मात्र तीन लाखांत स्लावला बंगलो मिळणार नाही, दोन बेडरूमचा फ्लॅट मिळेल. आणि स्लाव लंडनमध्ये मोडत नाही, त्यामुळे लंडनमधल्या ज्येष्ठांचा मोफत प्रवासाचा फ्रीडम पास तुम्हाला लागू नाही. इंग्लंडचा साधा मोफत बसपास सरकारी पेन्शनच्या वयापासून असतो, तो मिळेल.

पण गावाआधी हिशेब बघा. पुण्याचा फ्लॅट ठेवून इथे तीन लाखांचं घर घेतलंत, तर इंग्लंडमध्ये ते दुसरं घर धरलं जातं. पहिलं घर जगात कुठेही असो, फरक पडत नाही. साधी स्टॅम्प ड्यूटी ५,००० पौंड. दुसऱ्या घराचे वरचे ५ टक्के, म्हणजे आणखी १५,०००. शिवाय आल्या आल्या घेतलंत, आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस इथे राहिलेले नसाल, तर अनिवासी म्हणून २ टक्के, आणखी ६,०००. एकूण २६ हजार! हे शेवटचे सहा हजार नंतर इथे १८३ दिवस राहून परत मागता येतात. कोथरूडचा फ्लॅट तुमचं राहतं घर आहे, तो खरेदीपासून तीन वर्षांच्या आत विकलात तर ते १५ हजारही परत मागता येतात. म्हणून माझं म्हणणं, पहिलं वर्ष भाड्याने राहा.

पेन्शनची बातमी चांगली आहे. भारतात राहणाऱ्यांचं स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन, गोठतं, दरवर्षी वाढत नाही. तुमचं २०१८ च्या सुमारास सुरू झालं असणार. तेव्हाचा पूर्ण दर आठवड्याला १६४.३५ पौंड होता आणि तुम्ही अजून त्यावरच असाल. २०२५-२६ साठी तो २३०.२५ ठरला. इथे राहायला आलात की चालू दराने मिळेल, पण पेन्शन खात्याला कळवायला विसरू नका. शिवाय दहा वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यामुळे पहिली चार वर्षं भारतातल्या व्याजावर आणि भाड्यावर इथे करसवलत मागता येईल. एप्रिल २०२५ पासूनचा नियम आहे. ती मागितली की त्या वर्षीची नेहमीची करमुक्त मर्यादा मात्र हातची जाते, तेव्हा सल्लागाराकडून आकडे मांडून घ्या.

एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, चिंता नको. कायमचे राहायला आलात की पहिल्या दिवसापासून हक्क आहे. जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव घालायला पत्त्याचा कागदही सक्तीचा नाही.

---

प्रेषक: ग्लासगो

स्कॉटलंडचं नाव कोणीच घेत नाही म्हणून दोन ओळी. इथे औषधं सगळ्यांना फुकट, बसपास साठीलाच, आणि गरज आहे असं ठरलं तर अंघोळ घालण्या-भरवण्याची मदत २००२ पासून मोफत, खात्यात कितीही पैसे असोत. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर शिल्लक असली की सगळं आपल्या खिशातून. पण डिसेंबरात इथे पावणेचारला सूर्य मावळतो, हे वहिनींना आधी सांगून ठेवा.

---

प्रेषक: हॅरो

भाऊ, नमस्कार. यादीवर मला सगळे मावशी म्हणतात, तुम्ही ताई म्हणा.

स्लावच्या बाळाने हिशेब चोख मांडलाय, त्यात मी काय भर घालणार? मी दुसरं सांगते, आणि ते जरा लांबेल.

आम्ही १९७४ साली आलो. हे डॉक्टर. त्या काळी आपल्याकडच्या डॉक्टरांना मोठ्या शहरांतल्या मानाच्या जागा सहसा मिळत नसत. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, जिथे इथली माणसं जायला नाखूश, तिथे मिळत. ह्यांनी लँकेशरमध्ये बत्तीस वर्षं तेच काम केलं आणि जीव लावून केलं. पेशंट बरा झाला की घरी पाठवायच्या आधी विचारायचे, संडास वर की खाली? जिने किती? कोण आहे घरी? २००६ ला आम्ही पुण्याला गेलो, २०१५ ला परत आलो. दुसऱ्यांच्या घराचे जिने मोजणाऱ्या ह्या माणसाने स्वतःचं घर निवडताना समुद्र बघितला.

समुद्रकाठच्या ईस्टबोर्नला आम्ही जूनमध्ये गेलो होतो. रात्री नऊला ऊन, बँडस्टँडवर वादन चाललेलं, हातात आइस्क्रीम. निवृत्तांसाठीच बांधलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. लिफ्ट होती, न्हाणीघरात मदतीला बोलवायची लाल दोरी होती. काय वाईट होतं सांगा! चौदा महिन्यांनी ह्यांना स्ट्रोक झाला.

उजवी बाजू गेली आणि इंग्रजी गेलं. पन्नास वर्षं ज्या भाषेत रोग सांगितले ती पार पुसली गेली, मराठी राहिलं, तेही तुटक. वाचा सुधारायला एक मुलगी चित्रांची कार्डं घेऊन यायची. ती किल्लीचं चित्र धरायची, हे म्हणायचे ‘किल्ली’. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे. दुसऱ्या खेपेला तिने वहीत ‘किल्ली, पाणी, पुरे’ असे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून आणले होते. फार गोड पोर. पण ती आठवड्यातून एकदा यायची, आणि बाकीचे सहा दिवस ह्यांच्याशी बोलणारी त्या गावात मी एकटी. मराठी माणसं जवळ हवीत म्हणजे गणपतीला आरतीपुरती हवीत असं आपल्याला वाटतं. ती ह्या दिवसांसाठी हवी असतात.

अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे म्हातारपणी मदतनीस लागणाऱ्यांच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज केला तर कळलं, गेल्या तीन वर्षांतली दोन वर्षं इथे काढलेली असावी लागतात. आम्हाला चौदा महिने झालेले. उरलेले दहा महिने मदतनीस बायांचे पैसे पदरचे गेले. तुम्हीही पहिली दोन वर्षं ते मिळणार नाही असंच धरून चाला.

२०१९ ला हे गेले. अस्थी आम्ही लेस्टरजवळ बॅरो-अपॉन-सोअरला नदीत सोडल्या, आपली पुष्कळ माणसं तिथेच जातात.

मग मी राहिले. मला गाडी येत नाही, कधी गरजच पडली नव्हती. आमच्या बाजूला बस तासाला एक, संध्याकाळी सातनंतर नाही. कढीपत्त्यासाठी ट्रेनमध्ये बसून लंडनचं क्रॉयडन गाठायचे. फ्लॅट विकायला काढला तर बावीस महिने गिऱ्हाईक नाही, कारण तसल्या इमारतीत साठीच्या आतल्यांना घेता येत नाही. रिकामा असला तरी मेंटेनन्स दरमहा चालू. शेवटी घेतला त्याच्या कितीतरी खाली गेला, वर विक्रीच्या किमतीतला ठरलेला टक्का बिल्डरच्या कंपनीला. कागदावर ते पहिल्यापासून लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. तुम्ही लीझचं पान न् पान वाचा.

म्हणून भाऊ, कळकळीने सांगते. दोघांसाठी घर बघू नका. दोघांतलं जे मागे राहील त्याच्यासाठी बघा. तुमच्या पत्रात ‘गाडी मी चालवतो’ असं आहे. वहिनी चालवतात का? सत्तरीनंतर लायसन्स दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, आणि एक दिवस डोळ्यांचा डॉक्टर नाही म्हणतो. त्या दिवशी आडबाजूच्या बंगलोचं काय करणार? शब्द आपल्याकडून आलाय, बैठं घर म्हणून गुडघ्यांना बरं, हे खरं. पण इथले बंगलो बहुतेक गावाच्या कडेला असतात.

कोव्हेंट्रीची ओढ मला कळते. परत आल्यावर आम्हीही आधी लँकेशरला जाऊन आलो होतो. रस्ते तेच होते. अकरा मराठी घरांपैकी दोन उरली होती, आणि शेजारच्या दारात नवीन माणूस. तुम्ही फोन करून बघा, तुमच्या गल्लीत किती जण आहेत अजून. मुलीजवळ राहा म्हणाल तर जरूर राहा, पण गाव असं घ्या की उद्या तिची नोकरी मँचेस्टरला गेली तरी तुमचा दिवस सरेल.

मी २०२१ पासून लंडनच्या हॅरोला आहे. तळमजल्यावर एकच बेडरूम. भिंतीवर किल्लीची छोटी पेटी, तिचा नंबर शेजारच्या गुजराती बेनकडे. दोन मिनिटांवर १८३ नंबरची बस, ती केंटनवरून जाते, तिथे मेथीची जुडी मिळते. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जायचं तर वेम्ब्ली पार्कला मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीतून उतरायचं आणि तिथेच ज्युबिली लाइन पकडायची. फ्रीडम पासवर सगळं फुकट. बाग नाही, खिडकीत तुळस आहे. घर लहान पडतं का? पडतं. पण गेल्या हिवाळ्यात असा एक दिवस गेला नाही की मी कोणाशी मराठीत बोलले नाही.

आणि घर जूनमध्ये बघू नका. जानेवारीत या. दुपारी चारला, पावसात, दुकानातून पाच किलो कणकेची पिशवी घेऊन घरापर्यंत चालत जा. वाटेत बसायला बाक आहे का बघा. वहिनींना एकटीला पाठवा, तुम्ही हॉटेलातच थांबा.

---

प्रेषक: कोथरूड, पुणे

ताई, नमस्कार. यादीवर मी पहिल्यांदाच लिहितेय. हे शेजारी बसलेत, पण पत्र माझं आहे.

तुमचं लिहिलेलं ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘किल्ली’पर्यंत आले आणि पुढे वाचता येईना, मग उरलेलं मी वाचलं. नंतर बराच वेळ आम्ही दोघं गॅलरीत बसून होतो. चाळीस वर्षांत मी ह्यांना सांगितलं नव्हतं ते काल सांगितलं. कोव्हेंट्रीत पहिली सहा वर्षं मला फार एकटं वाटायचं. हे दोन पाळ्यांत कामावर, मला भाषा येत नव्हती. पुढे शाळेच्या किचनमध्ये नोकरी लागली, तिथे एक जामनगरची मैत्रीण मिळाली आणि मी माणसात आले. ती आता लेस्टरला असते, तिचे यजमान गेले. दर रविवारी आमचा फोन असतो. माझ्या मनात लेस्टर आहे ते बेलग्रेव्ह रोडच्या दुकानांसाठी नाही, तिच्यासाठी आहे. ह्यांना हे माहीत नव्हतं, कारण मी बोललेच नव्हते.

गाडी मला येत नाही.

कोव्हेंट्रीला ह्यांनी परवा फोन लावले. सात नंबरांपैकी दोन लागले.

आता असं ठरतंय की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यायचं, घर घ्यायचं नाही. लेस्टरला सहा महिने भाड्याने राहायचं, मैत्रिणीपासून चालत जाता येईल असं. मेडनहेडला महिन्यातून दोनदा जाऊन यायचं आणि तो प्रवास आम्हाला झेपतो का ते बघायचं. नाही झेपला तर तुमच्या बाजूला शोधू. कोथरूडचा फ्लॅट विकायचा की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.

येताना आधी चार दिवस तुमच्याकडे उतरू का? मला त्या १८३ मध्ये बसून केंटनला एकटीने जाऊन यायचंय. थंडीचे कपडे सगळे वाटून टाकले होते, तेव्हा तुमच्याकडे जुनी जाड शाल असेल तर काढून ठेवा. आणि तुम्हाला इथून काय आणू ते कळवा, मेतकूट की थालीपिठाची भाजणी? भाजणी घरी करते, चकलीची नाही, त्यामुळे सांगितलंत तर पंधरा दिवस आधी सांगा.