शुक्राणूंची हालचाल चांगली तरी गाई उलटतायत (गाभण न राहता पुन्हा माजावर येतायत), दोष वीर्यात असेल का?

एकाच वळूच्या कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या) वापरल्या, डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर हालचाल 50 टक्क्यांच्या वर, माजही नीट धरला, तरी गाई उलटतायतच.

उत्तर: असू शकतो. शेपटी वेटोळी असली तर शुक्राणू बीजांडापर्यंत पोचतच नाही, ते एकवेळ संख्या वाढवून भागतं, पण डोक्यातला डीएनए बिघडलेला असेल तर गर्भ धरतो आणि लवकर मरतो, तिथं कितीही शुक्राणू घाला, उपयोग नाही.

उत्तर: कांडीवरची वीर्य गोळा केल्याची तारीख बघा. शुक्राणू तयार व्हायला साधारण 2 महिने लागतात, म्हणून कडक उन्हाळ्याचा फटका पावसाळ्यातल्या वीर्यात दिसतो.

उत्तर: आणि थॉइंग (गोठलेली कांडी वितळवणं)? 37 अंशाचं पाणी, 30 सेकंद, थर्मामीटर लावूनच. नायट्रोजनच्या कंटेनरच्या तोंडाशी कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा डबा) धरून कांडी शोधत बसलं की चांगलं वीर्यही खराब होतं!