लाडकी बहीण योजनेच्या महिन्याच्या पंधराशे रुपयांवरून बायकांना फुकटे म्हणणाऱ्यांनो, जरा इथे या

पोळपाट_लाटणं
परत तो फॉरवर्ड आला आमच्या फॅमिली ग्रुपवर. नवी साडी नेसलेली बाई, हातात पाचशेच्या तीन नोटा, खाली 'तुमच्या टॅक्सच्या पैशातून'. टाकणारा कोण तर माझा मावसभाऊ, ज्याचं इंजिनिअरिंग सरकारी कॉलेजात झालं. त्याला कुणी फुकटा म्हटलं नाही कधी.
आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचं सांगते. ऑगस्ट 2024 ला दोन महिन्यांचे मिळून तीन हजार आले, त्यातले साडेचारशे बँकेने मिनिमम बॅलन्सचा दंड म्हणून कापले, त्यावर त्या बँकेत जाऊन अशा काही भांडल्या की विचारू नका. तेव्हापासून दर महिन्याला हजाराची भिशी लावलीय. नंबर लागला की घराचे पत्रे बदलणार. बाकी पाचशे कुठे जातात ते नवऱ्याला माहीत नाही आणि मलाही सांगत नाहीत, छान करतात.
आणि टॅक्स म्हणाल तर साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं, सगळ्यावर सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्के जीएसटी होता. तो ताईंनीही भरलाच की.

गणित_कच्चं_नाही
ताईंबद्दल कुणाचीच तक्रार नाहीये हो, पण एका ताईंवरून अडीच कोटी खात्यांचा हिशोब लागत नाही. राज्याच्या बजेटमध्ये योजनेला 2024-25 ला 46 हजार कोटी ठेवले, पुढच्या वर्षी 36 हजारांवर आणले, राज्याच्या डोक्यावर कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. आणि पैसा आला कुठून? मे 2025 मध्ये खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट जाहीर ओरडले की माझ्या खात्याचा निधी या योजनेकडे परस्पर वळवला. म्हणजे गरिबाच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातला आणि वर फोटो लावला. मीम बनवणारे मूर्ख आहेत हे मान्य. प्रश्न मूर्ख नाहीये.

बांधावरून
तुम्ही शहरात बसून गप्पा मारा, आमच्याकडं खुरपायला बाया मिळेना झाल्यात ते कोण बघणार. फोन केला तर म्हणत्यात आता गरज नाही.

माणदेशी_सून
@बांधावरून दादा रोज किती देता? आमच्याकडं तीनशे. म्हणजे पंधराशे झाले पाच दिवसांचे. पाच दिवसांच्या हजेरीवर कोण बाई महिनाभर पाय पसरून बसंल सांगा बरं. खरं सांगायचं तर आधी तुमच्या तीनशेला नाही म्हणायची सोय नव्हती, आता थोडी झालीय आणि तेच टोचतंय.

बांधावरून
कांद्याला भाव नाही, मी साडेतीनशे कुठून देऊ? माझ्यावर का घसरता.

माणदेशी_सून
हां ते बरोबर आहे. भावाचं बरोबर आहे.

चहा_कटिंग
2022 मध्ये पंतप्रधान स्वतः रेवडी संस्कृती, म्हणजे मतांसाठी फुकट वाटणं, वाईट म्हणाले होते ना? मग मध्य प्रदेशात लाडली बहना, इथे लाडकी बहीण. दुसऱ्यानं दिली की रेवडी, आपण दिली की ओवाळणी 😂 आणि विरोधक तरी काय, त्यांनी प्रचारात तीन हजार कबूल केले होते. सत्ताधाऱ्यांनी कबूल केलेल्या 2100 ची वाट तर अजून बघतोयच.

गणित_कच्चं_नाही
तेच म्हणतोय मी. आणि निवडणुकीआधी अर्ज डोळे झाकून मंजूर केले, मग जिंकल्यावर चाळणी आठवली. 14 हजारांवर पुरुषांची नावं यादीत निघाली, दोन हजारांवर सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या. अर्ज तपासायची अक्कल जुलै 2024 ला का नव्हती?

पोळपाट_लाटणं
यावर भांडत नाही, मतांसाठीच केलं, तेही घाईत. पण त्या चाळणीचा त्रास कुणाला झाला ते बघा ना. ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीला, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. ताईंचा नवरा गवंडीकामाला जातो, आधारला जोडलेला नंबर तीन सिमकार्डांपूर्वीचा. माझ्या ओट्याशी उभं राहून, हाताला पीठ तसंच, त्यांनी चार वेळा फोन लावून बघितला, दर वेळी 'हा नंबर अस्तित्वात नाही'. दोन दिवस कामं बुडवून आधार केंद्रावर नवऱ्याला ओढत नेला तेव्हा नंबर बदलला. त्याबदल्यात त्यानं पाचशे मागितले.

चहा_कटिंग
दिले का?

पोळपाट_लाटणं
दोनशेवर मिटवलं म्हणाल्या. आणि पुढच्या वेळी तुमचाच नंबर देईन असं म्हणतायत, म्हणजे आता अडीच कोटी नाही पण एका लाभार्थीचे ओटीपी माझ्याकडे येणार बहुतेक.