पार्किंगमधून स्कूटर चोरीला: भरपाई सोसायटीची की सिक्युरिटी एजन्सीची?

सेक्रेटरी_पुणे: रात्री पार्किंगमधून सभासदाची स्कूटर गेली. गेटवर गार्ड होता, पण रजिस्टरमध्ये नोंदच नाही. एजन्सी करारावर बोट ठेवते: जबाबदारी एका महिन्याच्या बिलापुरती. सभासद सोसायटीकडे पैसे मागतोय. बिल अडवून त्यातून द्यावेत का?

दिवाणी_वकील: आधी सांगा, किल्ली कुणाकडे होती? गार्डकडे ठेवायला दिली असेल तर करार कायद्याच्या कलम १४८ आणि १५१ प्रमाणे तो निक्षेप, म्हणजे परत करण्याच्या बोलीवर वस्तू सांभाळायला देणं. गाडी का परत देता येत नाही हे सांभाळणाऱ्याने दाखवायचं. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून व्हॅलेकडे (पाहुण्यांच्या गाड्या लावणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे) दिलेली मारुती झेन गेली, त्यात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं. टोकनवरचं 'मालकाच्या जोखमीवर' कामी आलं नाही.

किल्ली मालकाच्याच खिशात असेल तर हा आधार गेला. मग निष्काळजीपणा सभासदाने सिद्ध करायचा. बिलापुरतं कलम सोसायटी आणि एजन्सीमधलं आहे, सभासदाची त्यावर सही नाही. ग्राहक आयोगात जायचं तर मुदत २ वर्षं.

बिल अडवू नका. वजावटीचं कलम नसेल तर वसुलीचा दावा येतो, आणि त्याआधी गार्डचे पगार थकून गेट ओस पडतं.

सुपरवायझर_नाईट: डीव्हीआरचं (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) फुटेज आजच काढा. बहुतेक ठिकाणी १५ ते ३० दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते पंचांसमोर लिहून ठेवा. कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

मग एजन्सीकडून लेखी मागा: ड्यूटी चार्ट, पोस्टवरच्या सूचना, गार्डचं पोलीस व्हेरिफिकेशन, ट्रेनिंग सर्टिफिकेट (१०० तास वर्ग, ६० तास प्रत्यक्ष, माजी सैनिकांना कमी). गाडी बाहेर जाताना नोंद करायची हे सूचनांत लिहिलेलंच नसेल तर एजन्सी सुटते. त्याच गार्डने सलग दोन पाळ्या केल्या असतील तर अडकते. खर्च वाचवायला कमिटीनेच दुसरा गार्ड काढला असेल, तर मात्र बोट तुमच्याकडे वळेल. हे हमखास होतं.

विमा_सर्व्हेअर: सभासदाची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर चोरीचा क्लेम नाहीच. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर एफआयआर आणि दोन्ही किल्ल्या लागतील. एक किल्ली कमी पडली की क्लेम रेंगाळतो. पैसे दिल्यावर विमा कंपनी सभासदाच्या जागी उभी राहून सोसायटी-एजन्सीवर दावा लावू शकते. ताजच्या खटल्यात तेच झालं. एजन्सीची फिडेलिटी पॉलिसी इथे दाखवली तर फसू नका. ती गार्डच्या अप्रामाणिकपणासाठी असते, डुलकीसाठी नाही.