जुन्या सिंगल हेड एम्ब्रॉयडरी मशीनची 650 च्या वर खटखट: हुक की नीडल बार?

प्रश्न
12 सुयांचं सिंगल हेड मशीन आहे, सेकंड हॅन्ड, साधारण दहा वर्षं चाललेलं. काम बहुतेक ब्लाउजच्या बाह्या आणि गळ्यांचं. धागा रेयॉन, सुई डीबीएक्सके5 (एम्ब्रॉयडरी मशीनच्या सुईचा प्रकार), साइझ 75/11. स्पीड मिनिटाला 600 टाक्यांपर्यंत असेल तर आवाज ठीक असतो. 650 च्या वर गेलं की कोरडी खटखट सुरू होते, ती डोक्यातून येते की खालून, कळत नाही. टाके सुटत नाहीत, पण वरचा धागा मधूनमधून पिंजारतो. मिस्त्री म्हणतात हुक (सुईखाली फिरून वरचा धागा बॉबिनच्या धाग्यात गुंफणारा भाग) बदला. खर्च करण्याआधी काय काय तपासावं?

प्रतिसाद 1
हुकवर लगेच पैसे घालू नका. आधी आवाज कुठला ते पक्कं करा. मशीन चालू पण टाके बंद असताना फ्रेम बाणांच्या बटणांनी चारी बाजूंना हलवून बघा. त्यात खटका आला तर एक्स-वायचे, म्हणजे फ्रेम आडवी-उभी हलवणारे, बेल्ट किंवा रेल. तिथे शांत असेल तर सगळे धागे आणि बॉबिन केस काढा, धागा तुटल्याचा सेन्सर बंद करा आणि एखादं डिझाइन रिकामंच चालवा.

आता मुख्य गोष्ट. मुख्य शाफ्टच्या एका फेऱ्यात एक टाका पडतो, पण हुक त्याच वेळात दोनदा फिरतो. म्हणजे टाक्याला एक ठोका असेल तर सुई, फूट (कापड दाबणारा पाय), टेक-अप लिव्हर (धागा वर ओढणारा दांडा) यांपैकी काहीतरी. दोन ठोके असतील तर हुक. 650 ला सेकंदाला जवळपास 11 टाके पडतात, कानाने मोजणं शक्य नाही. मोबाईल हेडजवळ धरून रेकॉर्ड करा आणि पाव वेगाने ऐका. हेच डिझाइन एकेका सुईवर चालवा, कारण सगळ्या सुयांवर सारखा आवाज आणि एकदोन सुयांवरच आवाज, हे दोन वेगळे बिघाड आहेत.

प्रश्नकर्ता
केलं. फ्रेम शांत. बॉबिन केस काढूनही आवाज तसाच. 4 आणि 9 नंबरच्या सुयांवर जोरात, बाकीच्यांवर जवळपास नाही. टाक्याला एकच ठोका. हाताने फिरवताना शाफ्ट कुठेही जड लागत नाही.

प्रतिसाद 2
मग खटखट हुकची नाहीच. रेसिप्रोकेटर (निवडलेल्या सुईचा बार वर-खाली नेणारा, सगळ्यांना सामाईक भाग) झिजला असता तर बाराही सुया वाजल्या असत्या. 4 आणि 9 च्या नीडल बारचे (सुई धरणाऱ्या दांड्यांचे) कुशन, म्हणजे बार वर जाऊन आपटू नये म्हणून असलेल्या मऊ चकत्या, बघा.

मेन स्विच बंद करून पुढचं कव्हर काढा. 5 नंबरचा बार हाताने खाली ओढून सोडा, तो वर जाऊन मऊ ‘ठप्प’ करून थांबेल. मग 4 चा सोडा. ‘टण’ असा लोखंडी आवाज आला तर कुशन गेलं. बाहेर काढल्यावर ते तपकिरी, चपटं आणि नखाने दाबलं तरी न दबणारं दिसेल. तेलात मुरून असंच होतं. दोन्हींचे नवीन टाका, आणि उघडलंच आहे तर बाकीचेही बघून घ्या.

कुशन बदलताना बारवरचा क्लॅम्प ढिला करावा लागला तर आधी बारवर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. क्लॅम्प एक मिलिमीटर जरी सरकला तरी सुईची खोली बदलते आणि फक्त त्याच रंगाचे टाके सुटायला लागतात. क्लॅम्पचा स्क्रू आधीच ढिला असला तरीही असाच ठोका येतो, म्हणून तो पहिल्यांदा आवळून बघा.

प्रतिसाद 3
वरचं बरोबर आहे, पण धागा पिंजारण्याचं कारण वेगळं असणार. सुई आपटून तिच्या खालच्या प्लेटच्या भोकाच्या कडेला किंवा हुकच्या टोकाला ओरखडा पडतो. जुना नायलॉनचा मोजा त्यावरून फिरवा, अडकला तर ओरखडा आहे. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त उभी राहिलेली कड घासा. हुकच्या टोकाचा आकार अजिबात बदलू नका.

टायमिंगही, म्हणजे सुई आणि हुक यांची वेळ जुळते का तेही, बघा. सुई सगळ्यात खालून सुमारे 2 मिमी वर येताना हुकचं टोक तिच्या मध्यावर, खाचेत, आलं पाहिजे. ताजिमा (जपानी मशीन कंपनी) पद्धतीच्या बऱ्याच मशीनवर मुख्य शाफ्टच्या अंशांच्या चकतीवर हे 201 अंशांच्या आसपास येतं, तरी तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. सुई आणि हुकमध्ये 0.1 ते 0.3 मिमी फट हवी. हुक सुईला घासत असेल तर बारीक ‘टिक’ येते आणि नवीन सुईच्या बाजूला चकचकीत रेघ उमटते.

तेलाबद्दल: हुकच्या खाचेत पांढऱ्या शिलाई मशीन तेलाचा एकच थेंब, सतत काम असेल तर चार-पाच तासांनी. खोबरेल कधीच नको, ते सुकून चिकट होतं आणि त्यावर धाग्याचा भुसा बसतो. गंज काढायचा स्प्रेही नको, तो असलेलं तेल धुऊन नेतो. तेल घातल्यावर टाकाऊ कापडावर शे-दोनशे टाके चालवा, मगच ब्लाउज लावा.

प्रतिसाद 2
आणि नवीन कुशन टाकल्यावर लगेच 850 ला नेऊ नका. पहिला तासभर 500–550 वर चालवा, मग 4 आणि 9 च्या सुईची खोली 5 नंबरशी एकदा ताडून बघा.