१९५२ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस': फीत का सापडत नाही

जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरची बीबीसीची १९५२ ची मालिका कुठे बघता येईल, असा प्रश्न आलाय. उत्तर: कुठेच नाही. सहा भाग, सगळे स्टुडिओतून थेट प्रक्षेपित. नायिका एलिझाबेथच्या भूमिकेत डॅफ्नी स्लेटर, नायक डार्सीच्या भूमिकेत पीटर कुशिंग (हो, पुढे भयपटांत गाजलेला तोच!).

'बीबीसीने टेप पुसली' हे नेहमीचं गाऱ्हाणं इथे लागू होत नाही, कारण व्हिडिओ टेप यंत्रं बाजारात आली तीच १९५६ मध्ये. त्याआधी एकच उपाय होता: मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून पडद्यावरचं चित्र टिपायचं. आणि तिथेच सगळं अडायचं. ब्रिटिश चित्र ४०५ रेषांचं, सेकंदाला ५० अर्धचित्रं. एकदा विषम रेषा, एकदा सम. दोन अर्धचित्रांमधली फट सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जेमतेम जास्त. तेवढ्यात फिल्म एक घर पुढे ओढून स्थिर करणं म्हणजे यांत्रिक कसरतच. म्हणून काही यंत्रं दुसरं अर्धचित्र सरळ गाळायची. निम्म्या रेषा गेल्या की डोळ्यांतले भावही गेले.

थेट प्रक्षेपणात पटकथाही वेगळी बेतावी लागते. नायिकेला नाचाच्या पोशाखातून बाहेर पडायला वेळ हवा, म्हणून मध्ये दुसऱ्याच पात्रांचा प्रवेश घालायचा. पेम्बर्लीचा, म्हणजे डार्सीच्या वाड्याचा, भव्यपणा मात्र स्टुडिओत मावणं कठीणच.

जुन्या धाटणीचीच हवी असेल तर १९८० ची पाच भागांची बघा, फे वेल्डन यांची पटकथा. ती पूर्ण उपलब्ध आहे.