काकांच्या ट्रंकेत निघालेलं चित्र: वाटणीत किंमत काय धरायची?

अमळनेरचं काकांचं घर रिकामं करतोय. काका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, एकटेच राहिले. ट्रंकेत गोधड्यांखाली फ्रेम केलेलं एक चित्र सापडलं. अमूर्त. खाली विटकरी पट्टा, वर राखाडी थर, मधून काळ्या शाईचा ओघळ उतरतो आणि पट्ट्याच्या बोटभर वरच थांबतो. कागद १५ × २२ इंच, सही नाही. थोरले भाऊ म्हणतात, याचीही किंमत लाव. जळगावला एका दुकानात दाखवलं तर तो फ्रेमचेच दोनशे देत होता. भाच्यानं मोबाइलवर फोटो पाहून ‘मामा, गायतोंडे असतील, ते मोठे अमूर्त चित्रकार!’ म्हटलं. दोन दिवस घरात कुणी झोपलं नाही.

फ्रेमवाला, चाळीसगाव
भाऊ, चित्र पुठ्ठ्यावरून ओढू नका. जुन्या फ्रेमांत चित्रं बऱ्याचदा खळीनं चिकटवलेली असतात. खळीला कसर लागते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कागद पापडासारखा होतो. आधी मागच्या बाजूचे फोटो काढा. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीचा आकडा, काहीही पुसू नका. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कागद धरा. पांढराफेक चमकला तर तो बहुधा १९५० नंतरचा. नाही चमकला, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

निवृत्त कलाशिक्षक, धुळे
१५ × २२ म्हणजे इंपिरियल मापाचा अर्धा कागद. पूर्ण ताव २२ × ३० चा, आम्ही मधून फाडून वापरायचो. हातकागद असेल तर तीन कडा झालरीसारख्या आणि एक पट्टी लावून फाडलेली दिसेल. उजेडाकडे धरा, जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) दिसतं का बघा. व्हॉटमन या इंग्रजी बनावटीच्या काही कागदांत त्या खुणेत सालही असतं. चित्र त्या सालाआधीचं नाही एवढं नक्की. नंतर कितीही वर्षांनी काढलेलं असू शकतं.

भाचेबुवांना सांगा, २०१५ साली मुंबईच्या लिलावात गायतोंड्यांचं चित्र २९ कोटींवर गेलं, पण ते कॅनव्हासवरचं तैलचित्र. शिवाय त्याच्यामागं नाव, साल, कुणाकडून कुणाकडे गेलं हे सगळं होतं. तुमच्याकडे आहे एक ट्रंक. अनामिक चित्राला बाजारभाव नसतो, तोलायला जोडीचं दुसरं विकलेलं चित्रच नसतं. यादीत ‘अज्ञात चित्रकार, कागदावर शाई व रंग’ लिहा आणि आकडा सगळ्यांनी मिळून ठरवा. (ओघळ थांबवायला हात लागतो बरं. फोटो टाका, मला बघायचंय.)

मूळ प्रश्न विचारणारा
सर, तीन कडा झालरीच्या, चौथी फाडलेली. जलचिन्ह नाही. फ्रेमवाल्या भाऊंनी सांगितलं तसं मागचे खिळे हळूच काढले. कागद चिकटवलेला नव्हता, नुसता दाबून बसवला होता. पाठीवर पेन्सिलीनं दुधाचा हिशोब: दीड, दीड, खाडा, एक. अक्षर काकांचं. चित्रही त्यांचंच का, देव जाणे. आम्ही तरी त्यांना फळ्यावर फुलदाणी आणि सफरचंद काढतानाच पाहिलंय.

हिशोबाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आता ताई म्हणते, माझ्या वाट्याचं सोनं घ्या, चित्र मला द्या. थोरले भाऊ किंमत लावायचं विसरलेत, त्यांनाही तेच हवंय.