घरचा साग आणि फणस कापून किल्नमध्ये वाळवायचाय, सुरुवात कुठून करू?

देवरुखकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. गावी (संगमेश्वर तालुका) घराच्या मागे तीन साग तोडलेत, परवानगी काकांनी रीतसर काढली होती, आणि एक जुना फणस पावसात मुळासकट आडवा झालाय. ओंडके सध्या अंगणातच पडून आहेत. सागाचा बुंध्याकडचा घेर साधारण चार फूट आहे, फणसाचा त्याहून बराच जास्त. पुण्यातल्या फ्लॅटसाठी डायनिंग टेबल, एक मेन दरवाजा आणि जमलं तर देव्हारा करायचा विचार आहे. सुतार म्हणतो की ओला माल आणलास तर हात लावणार नाही, किल्नमधून (लाकूड वाळवायच्या भट्टीतून) वाळवून आण. आता प्रश्न असा की गावी सॉ मिलमध्ये कापून मग फळ्या पुण्यात आणून वाळवायच्या की ओंडकेच पुण्याला आणायचे? किती जाडीच्या फळ्या काढायच्या? आणि चाकणच्या बाजूला पॅलेटवाल्यांकडे (पॅकिंगसाठी लाकडी फळ्यांच्या चौकटी बनवणारे) लाकूड तापवायचे चेंबर असतात म्हणे, तिथे काम होतं का? एका ठिकाणी फोन केला तर तो म्हणाला एका दिवसात करून देतो, ते ऐकून उलट शंकाच आली.

खेडचो_भाऊ

दादा आधी कागद बघ. साग आणि फणस दोन्ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. तोडायची परवानगी वेगळी आणि माल हलवायचा पास वेगळा, तोडायची आहे म्हणून टेंपो भरून निघालास तर नाक्यावर अडकशील. सागाला वाहतूक पास लागतोच, वनखात्याचा माणूस येऊन ओंडके मोजतो, हातोड्याचा शिक्का मारतो, मग पास. फणस आपोआप पडला असला तरी त्याचं पण त्याच फेरीत विचारून घे, सातबारा आणि काकांची परवानगी सोबत ठेव. सॉ मिलमधून फळ्या निघताना कापलेल्या मालाचे कागद पुन्हा वेगळे, ते मिलवाल्याकडून न विसरता घ्यायचे.

आणि हे सगळं पावसाच्या आत उरक. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे इतकी झाडं पडली होती की मिलवाल्यांकडे नंबर लागेना, पाऊस डोक्यावर, फणसाचे आणि आंब्याचे ओंडके तसेच चिखलात राहिले आणि दिवाळीपर्यंत त्यातला पांढरा भाग (सालीच्या आतला फिकट थर) किड्यांनी पीठ केला. सागाचा गाभा (आतलं गडद लाकूड) टिकतो पण पांढरा भाग सागाचा असला तरी टिकत नाही हे लक्षात ठेव.

रंधा_पटाशी

ओंडके गावीच काप. पुण्याला ओंडके नेणं म्हणजे साल, पाणी आणि भुशाचं भाडं भरणं. ओंडक्यातून कामाचा माल ढोबळमानाने निम्मा किंवा थोडा वर निघतो, बाकी बाकळं नि भुसा.

मिलवाला घनफुटावर पैसे घेईल, तो हिशोब आधी समजून घे म्हणजे नंतर भांडण नको. ओंडक्याच्या मधला घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेर आणि दहा फूट लांबी असेल तर १ × १ × १० म्हणजे १० घनफूट. गोल लाकूड म्हणून खरं घनफळ काढलंस तर ते १२.७ च्या आसपास येतं, ही पद्धत पहिल्यापासूनच कापताना वाया जाणारं थोडं वगळून चालते. म्हणून कटाईचा दर ओंडक्याच्या मापावर आहे की निघालेल्या फळ्यांवर, हे विचारल्याशिवाय ओंडका ट्रॉलीवर चढवू देऊ नको.

जाडी. इंचाचा तयार टॉप हवा असेल तर दहा सूत काप (आठ सूत म्हणजे एक इंच). वाळताना थोडं जातं, वाकलं तर सरळ करायला रंध्यात जातं, आणि आठ सुताचं कापलेलं शेवटी सहा सूत हातात येतं. दरवाजाच्या फ्रेमचा माल पाव इंच जास्त ठेव. लांबीला पण दोन्ही टोकांना चार-चार बोटं सोड, टोकं फाटतातच.

बँडसॉ (पट्ट्यासारख्या पातळ ब्लेडचं मशीन) असलेल्या मिलमध्येच जा, गोल ब्लेडवाल्या जुन्या मशीनवर प्रत्येक फटक्याला दुप्पट लाकूड भुशात जातं. फणसाला चीक असतो तो ब्लेडला बसतो, मिलवाले डिझेल सोडत सोडत कापतात, ते डाग वरवरचे असतात रंध्यात निघून जातात, घाबरू नको. घराजवळचं झाड म्हणजे खिळे असणारच, कपडे वाळत घालायची तार, गुरांची दोरी, निवडणुकीचे बोर्ड काय काय ठोकलेलं असतं. आधी सांग, नाहीतर ब्लेडचं बिल तुझ्या नावावर.

अजून एक, ओंडक्याच्या अगदी मधोमध जो ठिपका दिसतो तो कुठल्याच रुंद फळीत ठेवू नको. तो असलेली फळी फुटणार, किल्न कितीही चांगली असू दे. मधला तुकडा बाजूला काढून खुंट्या-बिंट्या कर त्याच्या.

भट्टीवाला

मी वाळवणीच्या धंद्यात आहे म्हणून पॅलेटच्या चेंबरचं बोलतो, कारण इथेच लोक फसतात. तिथे जे करतात ते एचटी, म्हणजे हीट ट्रीटमेंट, नुसतं तापवणं. निर्यातीच्या पॅकिंगसाठी आयएसपीएम-१५ नावाचा नियम आहे, त्यात लाकडाच्या आतल्या मध्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं न्यायचं असतं. किडे आणि अळ्या मरतात, शिक्का मिळतो, विषय संपला. त्यात लाकूड वाळलंच पाहिजे असं काही नाही. ओली फळी आत गेली तर बाहेर येते ती गरम ओली फळी. एका दिवसात करून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलत नाहीये, तो त्याच्या कामाबद्दल बोलतोय, तुम्हाला हवंय ते काम दुसरं आहे. फोनवर विचारायचं की केडी (किल्न ड्राईंग, म्हणजे भट्टीतली वाळवणी) करता का, शेवटी ओलावा किती टक्क्यांवर आणून देता आणि मीटर माझ्यासमोर लावाल का. तिन्हीला नीट उत्तर आलं तर पुढे बोला.

आता खरी वाळवणी. ताजा कापलेला माल थेट किल्नमध्ये घालणं परवडत नाही आणि बऱ्याचदा झेपतही नाही, बाहेरून पटकन सुकतो, आत ओला राहतो, मग वरचं कवच ताणून बसतं आणि नंतर सुताराने चिरला की फळी तिथल्या तिथे धनुष्य होते. म्हणून आधी सावलीत हवेवर ओलावा २५ टक्क्यांपर्यंत उतरवायचा. थप्पी कशी लावता त्यावर अर्धं काम अवलंबून. जमिनीपासून दीड फूट वर, पाया एका लेव्हलला, दोन फळ्यांच्या थरांमध्ये एक इंचाच्या कोरड्या पट्ट्या, दर दोन फुटांवर, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या एका ओळीत एकावर एक. पट्टी इकडेतिकडे सरकली की फळी तिथेच लाट मारते आणि ती लाट कुठलीही भट्टी काढत नाही. वर दगड ठेवून वजन द्या. छप्पर हवं, पण ताडपत्रीत गुंडाळू नका, बुरशी धरते. टोकांना जाड ऑईल पेंट किंवा डांबर, आणि तेही कापल्या दिवशीच, चिरा पडल्यावर लावून उपयोग नाही.

हवेवरचा माल एकदा २५ वर आला की इंचाच्या सागाला किल्नमध्ये आठवडा-दीड आठवडा पुरतो. दोन इंचाची फ्रेम त्याच बॅचमध्ये घालू नका, तिला कितीतरी जास्त दिवस लागतात आणि अख्खी बॅच तिच्यासाठी अडकते. शेवटी थोडी वाफ देऊन ताण सोडवतात, ती पायरी करता का हेही विचारा, बरेच जण वेळ वाचवायला गाळतात. पारखायचं असेल तर फळीच्या मधून आडवी एक चकती कापून तिला काट्याचमच्यासारखे दात पाडा, दात आतल्या बाजूला वळले की समजायचं ताण बाकी आहे.

बिबवेवाडी_९९

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ओंडके विकून टाका आणि टिंबर मार्केटमधून वाळलेला माल घ्या. कटाई, टेंपो, किल्न, सुतार, सगळं धरलं तर स्वस्त पडणार नाही हे लिहून देतो. परत तुमचा माल जेमतेम ५०-६० घनफूट, किल्नवाला फक्त तुमच्यासाठी भट्टी पेटवणार नाही.

भट्टीवाला

@बिबवेवाडी_९९ थोड्या मालाचं बरोबर आहे. लहान चेंबर सुद्धा काहीशे घनफुटांचं असतं. पण त्याच जाडीचा साग दुसऱ्या कुणाचा लागत असेल तर त्यात घालून देतात, फक्त थांबायची तयारी हवी आणि प्रत्येक फळीच्या टोकाला तुमची खूण हवी. बाजारातला माल वाळलेलाच असतो ही मात्र श्रद्धा आहे, मीटर घेऊन जा एकदा.

मिशिगनची_माई

इथे आमच्याकडे पोर्टेबल बँडसॉ ट्रेलरवर घेऊन माणूस दारात येतो, अंगणातलं मेपल अंगणातच कापून जातो, किल्नला मग सावकाश द्या. आपल्याकडे असं कुणी करतं का?

खेडचो_भाऊ

माई, आपल्याकडे सॉ मिलला वनखात्याचं लायसन्स लागतं, मशीन आणलं आणि अंगणात लावलं असं नाही चालत. लायसन्सवाल्या मिलमध्येच न्यायचं.

देवरुखकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार, पॅलेटवाल्याचा नाद सोडला. विकायचा प्रश्नच नाही, साग आजोबांनी लावलेले आहेत, महाग पडलं तर पडू दे. दोन शंका. थप्पी गावी लावू की पुण्यात? आणि मीटर नसेल तर ओलावा कळणार कसा? हां, आणि फणसाचा पिवळा रंग किल्नमध्ये जातो का, बायकोला तो पिवळाच हवाय.

रंधा_पटाशी

पावसाळ्यात कोकणात थप्पी लावून काही वाळत नाही. तिथली हवाच इतकी दमट की लाकूड १८-२० टक्क्यांच्या खाली उतरायला तयार नसतं. आणि तुझं टेबल राहणार पुण्यात, जिथे एप्रिल-मे मध्ये हवा लाकडातलं पाणी ओढून घेते. जिथे वापरायचं तिथल्या हवेला वाळव. काप तिकडे, थप्पी इकडे. पार्किंगमध्ये जागा मिळते का बघ, सोसायटीवाल्यांशी तू भांड. तीन फूट रुंदीचा सागाचा टॉप १६ टक्क्यांवर बनवला आणि घरात ८ वर आला तर साधारण अर्धा इंच आकसतो. म्हणून किल्नमधून १० च्या आसपास घे आणि तरीसुद्धा सुताराला सांग की टॉप खालून फेव्हिकॉल आणि स्क्रूने जखडू नको, लांबट भोकं पाडून स्क्रू टाक, लाकडाला हलायला जागा पाहिजे.

मीटर ऑनलाईन मिळतो, पिनवाला घे. नसेल तर फळीच्या टोकापासून फूटभर आतून छोटा तुकडा काप, किचनच्या काट्यावर वजन कर, ओव्हनमध्ये १०३ अंशाला वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेव. २४० ग्रॅमचा तुकडा २०० वर थांबला तर गेलं ४० ग्रॅम पाणी, भागिले २००, म्हणजे २० टक्के. अगदी टोकाचा तुकडा घेऊ नको, टोक कायम जास्त कोरडं दाखवतं.

फणसाच्या पांढऱ्या भागाला कीड फार, तो शक्यतो कापून टाक. ठेवायचाच असेल तर ओलं असतानाच बोरॅक्स आणि बोरिकच्या पाण्यात बुडव, वाळल्यावर आत शिरत नाही.

भट्टीवाला

फणसाचा रंग किल्नमुळे थोडा गडद होतो, पण खरा रंग बदलतो तो उजेडाने. ताजा रंधलेला फणस हळदीसारखा दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत सोनेरी तपकिरी होतो, जुन्या घरातले खांब बघा. उन्हातले यूव्ही किरण अडवणारा पॉलिश मारला तर वेग कमी होईल, थांबणार नाही. वहिनींना आत्ताच सांगून ठेवा.